खोटा बेडूक, खरी मरळ
(साखरा, तालुका सेनगाव येथे दिलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी गळाविषयी बोलणार आहोत. मासे धरायचा गळ, बरं का!

हा गळ आपल्या बोलण्यात रोज येतो. कोणी फसला, की आपण म्हणतो, ‘लागला गळाला.’ कोणी लालूच दाखवली, की म्हणतो, ‘आमिष दाखवलं.’ पण मासा गळाला का लागतो? तो नेमका कशाला भुलतो? हे आपण सहसा विचारत नाही. आज ते विचारू. त्याचे उत्तर मिळाले, म्हणजे घरातल्या टाकाऊ वस्तूंतून चांगले आमिष कसे करायचे, तेही कळेल.

नरसी नामदेव इथून लांब नाही. इथे माळकरी मंडळी बसली असतील. त्यांनी उठून जाऊ नये. आजच्या बोलण्यात शेताची गोष्ट आहे. लेकरांच्या जिवाची गोष्टही आहे. मासे न खाणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल.

आपले पाणी

आपला भाग कोरडवाहू. पण इथे पाणी नाही असे नाही. कयाधू नदी सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी या तालुक्यांतून वाहते आणि पैनगंगेला मिळते. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे आहेत. पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, माती वाहिली. त्या कामांतून मराठवाड्यात जागोजाग पाझर तलाव उभे राहिले. आज त्या तलावांत मासा आहे.

हे मासे दोन तऱ्हेचे आहेत.

पहिली तऱ्हा शांत माशांची. रोहू, कटला आणि मृगळ हे त्यातले. कटला पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव गिळतो. रोहू शेवाळ आणि पालापाचोळा खातो. मृगळ तळाचा गाळ चाळतो. यांना कणकेची गोळी चालते.

दुसरी तऱ्हा शिकारी माशांची. मरळ, शिवडा, शिंगाडा हे त्यातले. शिंगाडा म्हणजे पाण्यातले फळ नव्हे, मिशांचा मासा. काही नावे गावोगाव बदलतात, पण मासे तेच. हे दुसऱ्या जिवाला पकडून खातात. लहान मासा, बेडूक, झिंगा, पाण्यात पडलेला टोळ, जे हलेल ते त्यांचे भक्ष्य.

आज आपण जे आमिष करणार, ते या दुसऱ्या तऱ्हेसाठी. खोटा बेडूक दाखवून कटला येणार नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

मासा कशाला भुलतो?

आता मुख्य गोष्ट ऐका. शिकारी मासा वस्तूला भुलत नाही, हालचालीला भुलतो.

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. मासा साफ करताना तुम्ही ती पाहिली असेल. ती रेघ शोभेची नव्हे. तिच्यात बारीक बारीक छिद्रे असतात. पाणी जरा हलले, की त्या रेघेतून माशाला कळते. आपण कानाने ऐकतो, हाताने चाचपतो. मासा ही दोन्ही कामे त्या रेघेकडून करून घेतो असे म्हणा ना! म्हणूनच गढूळ पाण्यात, अंधारातही त्याला शिकार सापडते.

फिनलंड नावाचा एक थंड देश आहे. तिथे हजारो तळी आहेत. तिथल्या लॉरी रापाला नावाच्या गरीब मासेमाराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो होडीत बसून तळ्यातले मासे बघत राही. लहान माशांचा थवा चालला, की मोठा मासा खालून येई. थव्यात शेकडो मासे असत. पण मोठा मासा कोणाला धरी? जो जरा लंगडत, जरा डुलत पोहत असे, त्याला. आजारी, जखमी मासा पकडायला सोपा, हे त्या मोठ्या माशाला ठाऊक!

रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा तुकडा घेतला. जोडे शिवायच्या सुरीने तो कोरून मासा केला. त्याला चॉकलेटच्या पुडीतला चकचकीत कागद गुंडाळला. वर रंगरोगण लावायला पैसे नव्हते. मग त्याने फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून त्यांचाच लेप दिला. आणि तो मासा पाण्यात असा डुलवला, की जणू दुखणाईत मासाच पोहतो आहे. पुढे त्याच्या नावाची आमिषे जगभर विकली गेली.

यातून आपण काय घ्यायचे? त्या गरिबाच्या आमिषात महाग असे काहीच नव्हते. बूच, कागद, जुनी फिल्म. पण त्याने आधी पाहिले, मग केले. त्याची खरी पुंजी ती होती.

जिवंत बेडकाची किंमत

आपल्याकडे मरळ धरायला जिवंत बेडूक गळाला टोचतात. ‘बेडूक फुकट मिळतो,’ असे म्हणतात. तो खरेच फुकट आहे का?

बेडूक रात्रभर काय करतो? किडे खातो. टोळ, नाकतोडे, अळ्या, भुंगेरे, जे तोंडात मावेल ते. तुमच्या हळदीच्या वाफ्यात, सोयाबीनच्या तासात तो पगार न घेता राखण करतो. पहिल्या पावसात पिवळेधमक बेडूक ओढ्याच्या काठी ओरडतात, ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. मग पाण्यात अंडी पडतात. नेमक्या त्याच दिवसांत पोरे बेडूक धरायला निघतात.

एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. पोतीच्या पोती बेडूक त्यासाठी मारले जात. शेवटी १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. बेडूक गेला तर किडा माजतो, ही ओरड तोवर वाढली होती.

आता हिशेब करा. एक बेडूक गळाला टोचला, तर फार तर एक मरळ मिळेल. तोच बेडूक शेतात राहिला, तर तो पुढच्या वर्षीही किडे खाईल. मग गळाला खोटाच बेडूक का लावू नये? मरळ तर हालचालीलाच भुलते.

चपलेचा बेडूक

हा करायला सोपा. सामान असे लागते: जुन्या हवाई चपलेचा तळवा, एक मोठा गळ, सायकलची फुटकी ट्यूब, मजबूत दोरा, थोडी तांब्याची तार आणि पंक्चर काढायचे सोल्युशन. गळ सोडला तर यातले बहुतेक घरातच सापडेल.

एक. तळव्याचा तुकडा कापा. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, रुंदी एका बोटाएवढी. पुढचा भाग होडीसारखा निमुळता करा. पोटाची बाजू सपाट ठेवा. तुकडा गळाच्या तोंडापेक्षा जाड नसावा. जाड असेल तर तासून पातळ करा.

दोन. पोटाच्या बाजूने मधोमध उभी चीर द्या. चीर अर्ध्या जाडीपर्यंतच जावी.

तीन. गळाची दांडी त्या चिरेत बसवा. दोर बांधायचे नेढे तोंडाकडून बाहेर यावे. गळाचा वाक शेपटीकडून वर वळावा. टोक पाठीवर यावे, पण पाठीत रुतू नये. नुसते टेकलेले असावे.

चार. चिरेत सोल्युशन लावा. ते जरा सुकू द्या आणि मग दाबा. दोन ठिकाणी दोऱ्याने घट्ट आवळा.

पाच. ट्यूबच्या गवताच्या पात्याएवढ्या दोन पट्ट्या कापा. शेपटीकडे दोन्ही बाजूंना बांधा. हे झाले बेडकाचे पाय. पाण्यात ते आपोआप हलतात.

सहा. पोटाला तांब्याच्या तारेचे दोन वेढे द्या. वजन खाली आले, म्हणजे बेडूक उताणा होत नाही.

आता तो बादलीत सोडून पाहा. पोट खाली, गळाचे टोक वर, असा तरंगला पाहिजे. उताणा झाला तर तारेचा आणखी एक वेढा द्या. बुडू लागला तर एक वेढा काढा. ही परीक्षा घरीच करा. तळ्यावर गेल्यावर तार कुठून आणणार?

टोक वर का ठेवायचे? मरळ राहते पानकणसात, कमळाच्या पानांत, गवतात. टोक खाली असेल तर गळ गवतात अडकतो. टोक वर असले तर बेडूक पानावरून सरपटत जातो. मरळ त्याला तोंडात धरते, तेव्हा रबर दबते आणि टोक लागते.

रंगाचे म्हणाल, तर पाठ कशीही असू द्या. मासा खालून बघतो. त्याला पोट दिसते. म्हणून पोट फिकट ठेवा. पाठीवर मात्र एखादा लाल ठिपका द्या. तो माशासाठी नाही, आपल्यासाठी. पानांच्या गर्दीत आपला बेडूक कुठे आहे ते आपल्याला दिसायला हवे.

टाकायची रीतही शिकून घ्या. बेडूक पानांच्या पलीकडे टाका. पाण्यावर गोल लहरी उठतील. त्या विरेपर्यंत थांबा. मग हळूच एक झटका. पुन्हा थांबा. खरा बेडूक एकसारखा पळत नाही. तो उडी मारतो, दम खातो. तुमचाही तसाच चालला पाहिजे. मरळीने झडप घातली, की लगेच ओढू नका. मनात एक, दोन, तीन म्हणा. मग ओढा. घाई केली तर बेडूक हाती येईल आणि मरळ तळ्यात राहील.

चमच्याचा मासा

दुसरे आमिष स्वयंपाकघरातून येते. पण घरधनिणीला विचारूनच, बरं का! नाहीतर मासा मिळेल आणि जेवण मिळणार नाही.

अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएल नावाचा मनुष्य होता. असे सांगतात, की तो होडीत बसून जेवत होता आणि त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला. चमचा चमकत, डुलत खाली जाऊ लागला. तेवढ्यात मोठ्या माशाने येऊन त्यावर झडप घातली. गोष्ट घडली तशी असो वा नसो, १८५२ साली त्याने चमच्याच्या आमिषाचे पेटंट घेतले, हे खरे. पेटंट म्हणजे आपल्या युक्तीवरचा सरकारी हक्क.

तुम्ही तुटका, वाकलेला चमचा घ्या. दांडी करवतीने कापा. जेवायची वाटी तेवढी ठेवा. कापलेली कड कानशीने घासा, नाहीतर दोरही कापेल आणि बोटही. मग दोन भोके पाडा, एक निमुळत्या टोकाला आणि एक दांडी होती तिथे. स्टील कठीण असते. घरी खिळा ठोकत बसू नका. वेल्डिंगवाल्याकडे किंवा लोहाराकडे गिरमिटाने पाडून घ्या. दोन्ही भोकांत किल्ल्यांच्या जुडग्यातली लहान कडी घाला. निमुळत्या टोकाच्या कडीला दोर बांधा आणि रुंद टोकाच्या कडीला गळ अडकवा.

चमचा पाण्यातून सावकाश ओढला तर तो डुलतो. त्याची चमक कधी दिसते, कधी लपते. लंगडा मासा असाच चमकतो. फार जोराने ओढला तर तो गरगर फिरतो आणि दोराला पीळ पडतो. म्हणून डुलेल इतकेच ओढा. हे आमिष उघड्या पाण्यात चालते. गवतात ते अडकते.

जड डोक्याचा गळ

तिसरे आमिष खोल डोहासाठी. यात गळाच्या नेढ्याजवळच वजन बसवलेले असते आणि मागे पिसांचा झुपका असतो. वजन तळाशी जाते. दोर जरा उचलला, की आमिष उडी मारते. सैल सोडला, की पुन्हा खाली बसते. तळाशी झिंगा असाच उड्या मारतो. मासा बहुतेक वेळा ते खाली जातानाच धरतो. म्हणून दोर सोडतानाही हाताला जाग पाहिजे.

वजनासाठी सायकलचा किंवा मोटारपंपाचा लहान लोखंडी नट घ्या. तो नेढ्याच्या बाजूने दांडीवर सरकवा. मोकळ्या जागेत नळ जोडायची एम-सील भरा. दोन बोटांनी गोल डोके करा आणि रात्रभर वाळू द्या. नेढ्याचे भोक बुजू देऊ नका. मग कोंबड्याच्या मानेची चार पिसे घ्या. त्यांची टोके गळाच्या वाकाकडे येतील अशी ती डोक्यामागे बांधा. दोऱ्याचे दहा-बारा वेढे द्या आणि वर थोडे सोल्युशन लावा. पिसे नसतील तर शेळीचे केस किंवा सुतळीचे धागे चालतात.

शिसे घरात वितळवू नका

इथे कोणी म्हणेल, ‘नट कशाला? शिसं वितळवून डोकं करू. जुन्या बॅटरीत फुकट मिळतं.’

मंडळी, हेच करू नका. आजच्या बोलण्यातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे विसरू नका.

शिसे ३२७ अंशांना वितळते. चुलीच्या निखाऱ्यावरही ते वितळते. म्हणून ते सोपे वाटते. पण शिसे हे विष आहे. ते मारते हळूहळू. त्याची वाफ दिसत नाही, त्याची धूळ कळत नाही. ती भांड्यावर बसते, जमिनीवर बसते. रांगते लेकरू हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. शिसे त्याच्या अंगात जाते आणि मेंदूला अपाय करते. लेकरू शाळेत मागे पडते. आईबाप म्हणतात, ‘पोरगं मठ्ठ आहे.’ पोरगे मठ्ठ नसते. त्याच्या अंगात शिसे गेलेले असते. गरोदर बाईलाही ते घातक. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रक्तात शिसे इतके असले तर काही होत नाही, असे प्रमाणच नाही.

बॅटरीत तर शिशाबरोबर तेजाबही असते. आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला, तर ते उसळून तोंडावर उडते.

इंग्लंडात गळाच्या दोराला शिशाचे बारीक मणी लावत. ते तळ्यात पडत. हंस खडे समजून ते गिळत आणि मरत. म्हणून १९८७ साली तिथे त्या लहान मण्यांवर बंदी आली. हंसासाठी त्यांनी एवढे केले. मग आपल्या लेकरांसाठी आपण लोखंडी नट वापरू शकत नाही का?

बाजारातून आणलेले शिशाचे मणी तुमच्याकडे असतील, तर ते दातांनी दाबू नका. पक्कड वापरा. मग हात साबणाने धुवा आणि मगच भाकरीला हात लावा.

पुडीवरचा आकडा

गळ मात्र विकतच आणावा लागतो. इथे तुमचे नवे शिक्षण उपयोगी पडेल. गळाच्या पुडीवर आकडा असतो. तो वाचा. या आकड्याची चाल उलटी आहे. १० नंबरचा गळ लहान, ५ नंबरचा त्याहून मोठा, १ नंबरचा आणखी मोठा. त्याच्या पुढे आकड्यासमोर तिरकी रेघ आणि शून्य येते. तिथे चाल सुलटी होते. १/० पेक्षा २/० मोठा, २/० पेक्षा ३/० मोठा. ज्याला हे वाचता येते, त्याला दुकानदार नको तो गळ देऊ शकत नाही.

दोर नायलॉनचा घ्या. त्याला आपण तंगूस म्हणतो. नेढ्यातून तंगूस ओवा. त्याचे टोक दोराभोवती पाच वेळा गुंडाळा. मग नेढ्याजवळच्या फासात टोक घाला. गाठ थुंकीने ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली तर तंगूस घासून तापतो आणि कमजोर होतो. मासा मग गाठीपाशीच दोर तोडतो.

गळाला टोकाजवळ उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून सपाट करा. दोर ताणलेला ठेवलात तर मासा निसटत नाही. लहान मासा लागला तर तो इजा न होता सुटतो. आणि गळ आपल्याच बोटात गेला तर तोही सुटतो. उलट्या काट्याचा गळ बोटात खोल गेला तर हिसका देऊ नका. दवाखान्यात जा, तो काढून घ्या आणि धनुर्वाताची सुई घ्यायची का ते विचारा. घरी ठेवताना गळाच्या टोकाला बूच लावा आणि तो लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

केशरी पिल्ले

आता एक नाजूक गोष्ट.

पावसाळ्यात तळ्याच्या काठी पाण्यावर केशरी-तांबड्या ठिपक्यांचा झुबका दिसतो. जणू कोणी कुंकू शिंपडले आहे. तो झुबका हलतो, बुडतो, पुन्हा वर येतो. ती मरळीची पिल्ले. मरळ पाण्यात राहते, पण तिला वरची हवाही घ्यावी लागते. म्हणून पिल्ले घडीघडीला वर येतात.

त्या झुबक्याच्या खाली आईबाप असतात. मरळ इतर पुष्कळ माशांसारखी अंडी टाकून निघून जात नाही. पिल्ले राखते. त्या दिवसांत झुबक्याजवळ काहीही पडले, तरी ती त्याच्यावर धावून येते. भुकेने नव्हे, पिल्लांच्या मायेने.

हे काही जणांना माहीत आहे. ते मुद्दाम झुबका शोधतात आणि त्यातच बेडूक टाकतात. मरळ हमखास मिळते. पण मागे काय होते? राखणदार गेला, की लहान-मोठे मासे झुबक्यावर तुटून पडतात. घडीभरात शेकडो पिल्ले फस्त. एक मरळ ताटात आली आणि पुढच्या दोन वर्षांच्या मरळी गेल्या.

आम्ही वर म्हणालो, मासा हालचालीला भुलतो. ते भुकेल्या माशाचे. ही मरळ भुललेली नसते, ती लढत असते. लढणाऱ्या आईला धरण्यात कसली हुशारी? झुबका दिसला, की गळ गुंडाळा आणि दुसऱ्या काठाला जा. आणि आईबापाजवळून पिल्लेच उपसून नेणाऱ्यालाही चार शब्द सांगा.

शेजारच्या तेलंगणाने मरळीला राज्याचा मासा मानले आहे. आपला भाग १९५६ पर्यंत त्यांच्याबरोबरच हैदराबाद राज्यात होता. मरळ आपल्यालाही परकी नाही. तिचा मान आपणही राखू.

पाणी कोणाचे?

पाणी देवाचे, पण मासा कोणीतरी सोडलेला असतो. धरणांत आणि मोठ्या तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. भोई समाजाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आली. ते पैसे भरतात, मत्स्यबीज सोडतात, रात्री जागतात. त्यांना न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडणे. आधी संस्थेला विचारा. गावतलाव असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. काठावर पाटी असेल तर ती वाचा. आता तुम्हाला वाचता येते!

कोणी सुरुंग लावून मासे मारतो, कोणी पाण्यात विष कालवतो. १८९७ साली इंग्रजांनी मासेमारीचा कायदा केला, तेव्हापासूनच याला मनाई आहे. कोणी विजेची तार पाण्यात सोडतो. त्यात मासाही मरतो आणि माणूसही. अशा माणसाला तळ्याच्या काठी उभे राहू देऊ नका. सुरुंग लहान-मोठे पाहत नाही. गळ एका वेळी एकच मासा धरतो, आणि तो सोडायचा की ठेवायचा, हे तुम्हाला ठरवता येते. गळाची खरी थोरवी ही आहे.

तुटलेला तंगूसही काठावर टाकू नका. तो लवकर कुजत नाही. बगळ्याच्या पायात अडकतो, वासराच्या खुरात गुंततो. गुंडाळून घरी आणा.

शेवटचे चार शब्द

मंडळी, आता सगळे थोडक्यात सांगतो.

शिकारी मासा हालचालीला भुलतो, किमतीला नाही.

जुनी चप्पल, तुटका चमचा, लोखंडी नट आणि कोंबड्याची पिसे एवढ्यात तीन आमिषे होतात.

बेडूक शेतात राहू द्या. गळाला खोटा लावा.

शिसे चुलीवर चढवू नका.

केशरी पिल्लांच्या झुबक्यात गळ टाकू नका.

विचारल्यावाचून दुसऱ्याच्या पाण्यात उतरू नका.

घरी गेल्यावर एक काम करा. पोराबाळांना जवळ बसवा आणि एक चपलेचा बेडूक करून बादलीत सोडा. तो उताणा पडेल. एक वेढा वाढवा. बुडेल. एक वेढा काढा. दोन-तीन वेळा असे झाले, की तो नीट तरंगेल. पोरे टाळ्या पिटतील. आणि रात्री दिवा मालवल्यावर शेताकडून खऱ्या बेडकाचा आवाज आला, तर त्यांना सांगा, ‘तो आपल्या हळदीची राखण करतो आहे. त्याला त्याचं काम करू द्या.’

रामराम.